नऊ गाणी, एकतीस दोष

नीलमनगर, सोलापूर
४ ऑगस्ट २०२४

श्री. हृषीकेश कासेगावकर यांना नमस्कार.

आपली ओळख नाही. हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचेल की नाही हेही मला सांगता येत नाही, कारण पत्ता सतरा वर्षांपूर्वीचा आहे. तुमच्या ‘लूप लाईन’ या सीडीच्या पाठीमागे बारीक अक्षरात तो छापला आहे: रेल्वे क्वार्टर, होटगी. फोन नंबर छापलेला नाही. असता तरी मी केला नसता. कारखान्यात दिवसभर ओरडून बोलावे लागते, त्यामुळे फोनवरही माझा आवाज चढतो आणि समोरच्याला वाटते मी भांडतो आहे.

मी अक्कलकोट रोडला टॉवेल-चादरींच्या कारखान्यात तपासणीला आहे. आमच्या शेडमध्ये कबुतरांचा त्रास आहे. तयार मालावर घाण करतात. मार्चमध्ये सिद्धप्पांनी, म्हणजे आमचे मागांची दुरुस्ती करणारे जॉबर, त्यांनी मागच्या खोलीतून एक खोके काढले. ती खोली पूर्वी एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे होती. खोक्यात सगळ्या सीड्या, न उघडलेल्या. सिद्धप्पांनी त्यातल्या चाळीस दोऱ्याला बांधून खिडक्यांत टांगल्या. ऊन पडले की चमकतात आणि कबुतरे आत येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

माझ्या टेबलाच्या वरची सीडी वाऱ्याने फिरली की तुमचे नाव दिसायचे. दोन महिने मी ते नुसते वाचत होतो. मग खोक्यातली एक घरी नेली आणि जुन्या बाजारातून डीव्हीडी प्लेयर आणला.

पहिले तीन आठवडे माझ्या एअरफोनची उजवी बाजू बंद होती. मला वाटले, गिटार एकच आहे. नवा एअरफोन घेतला आणि पहिल्याच गाण्यात उजवीकडून दुसरी गिटार सुरू झाली. मी एअरफोन काढून दाराकडे पाहिले. शेजारच्या खोलीत कुणी राहायला आले असे वाटले. ती खोली दीड वर्ष रिकामी आहे.

मला संगीतातले कळत नाही, कापडातले कळते. तुमची डावी गिटार ताण्यासारखी आहे, उभी, ताणलेली, शेवटपर्यंत. उजवी तिच्यातून आडवी जाते. आवाज गिटारच्या वर ठेवलेला नाही, आत विणलेला आहे, त्यामुळे शब्द लगेच कळत नाहीत. पाचव्या-सहाव्या वेळी कळतात आणि मग जात नाहीत. ‘आउटर’ या गाण्यात गाडी शहराबाहेर उभी आहे, आतल्या माणसाला आपल्या घराचा दिवा दिसतो आहे आणि त्याला उतरता येत नाही, एवढेच आहे. ते संपले की मी काही वेळ उठत नाही.

हे सगळे तुम्ही एकट्याने वाजवले का, हे विचारायचे होते. सीडीवर दुसरे कुणाचेच नाव नाही. आणि पुढे काही काढले का? मी दुकानांत विचारले. सीडीचे दुकानच सापडले नाही.

माझी अकरावीत शाळा सुटली आहे. लिहिण्यात चूक असल्यास सांगावी, पुढच्या वेळी होणार नाही.

दिग्विजय रावजी माळगे


जेऊर, ता. करमाळा
२९ ऑगस्ट

माळगे,

तुमचं पत्र होटगीच्या पोस्टमननं इथला पत्ता घालून पुढे पाठवलं. माझे वडील तिथं मालधक्क्यावर क्लार्क होते, त्यांना तो ओळखायचा. वडील गेले, आई गेल्या वर्षी गेली, तरी त्याच्याकडे आमचा पत्ता आहे. मी इथल्या एका शाळेत कारकून आहे. दाखले लिहितो. तुमच्या लिहिण्यात चूक नाही. मी शोधली.

कबुतरं खरंच येत नाहीत का? तसं असेल तर अल्बमचा हा पहिला उपयोग.

हो, सगळं मीच वाजवलं. दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. लोकांना भावगीत चालायचं, सिनेमाचं चालायचं, हे म्हणजे मराठीत कण्हणं आणि मागे मिक्सर, असं एकानं सांगितलं. वडिलांची बदली झाली, सामान गेलं, किल्ली परत द्यायला अकरा दिवस होते. त्या रिकाम्या क्वार्टरमध्ये मी एक कॉम्प्युटर, एक माईक आणि गिटार घेऊन राहिलो. सीडीवर पत्ताही तिथलाच छापला. ढोल म्हणून तुम्ही ऐकता ती पत्र्याची ट्रंक आहे, वर उशी. होटगी जंक्शन असल्यानं गाड्या सारख्या. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बसेल एवढंच गाणं करायचं. म्हणून साडेचार मिनिटांच्या वर एकही नाही.

लूप लाईन म्हणजे दुसऱ्या गाडीला पुढे जाऊ द्यायला आपल्याला बाजूला उभं करतात ती. नाव ठेवलं तेव्हा मला वाटलं होतं, थोडाच वेळ उभं राहायचं आहे.

पाचशे प्रती काढल्या. पुण्याला दुकानांत पाठवल्या, खोकी परत निघाली, त्यातलं एक तुमच्याकडे उतरलं असणार. मित्रांना वाटल्या. ते म्हणाले, ऐकतो. अजून ऐकताहेत. माझ्याकडे आज एकही प्रत नाही. पुढे काही काढलं नाही. गिटार आहे, तिच्या तारा गंजल्या आहेत.

एक विचारतो. मी ही गाणी कुणाबरोबर बसून कधी ऐकली नाहीत. ती ऐकताना माणसाचा चेहरा कसा होतो, मला माहीत नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसानं विचारावं असं हे नाही, पण तुम्ही ऐकता तेव्हा नक्की काय होतं? खरं लिहा. ‘छान आहे’ असं लिहू नका. ते मला सांगून झालं आहे.

हृ. ना. कासेगावकर


नीलमनगर, सोलापूर
१५ सप्टेंबर

सर,

तुमचे पत्र आले त्या दिवशी मी जेवायच्या सुट्टीत ते चार वेळा वाचले. पाकिटावर मी कारखान्याचा पत्ता दिला होता. मला पत्र येत नाही, त्यामुळे वॉचमनने ते आधी शेठकडे नेऊन दिले होते. कोर्टाचे असेल असे त्याला वाटले.

दुसऱ्या दिवशी मी शिडी लावून खिडक्यांतल्या सगळ्या सीड्या उतरवल्या. सिद्धप्पा खाली येऊन उभे राहिले.

“काय रं माळग्या, कबुतरं तुझी पाव्हणी हायती का?”

मी सांगितले, यात एका माणसाची गाणी आहेत, तो माणूस जेऊरला आहे, त्याने मला पत्र लिहिले आहे.

“माणसाचा आवाज हाय व्हय यात? मग तर ऱ्हाऊ दे की. माणसाला तर कबुतरं लई भितात.”

पॅकिंगच्या गुरम्माबाई म्हणाल्या, “काढू द्या त्याला, जॉबर. त्याच्या खोलीवर बोलायला दुसरं हाय कोण?” सगळे हसले. मीही हसलो. सीड्यांच्या जागी मी वेफर्सची चंदेरी पाकिटे कापून टांगली आहेत. कबुतरे पूर्वीइतकीच येतात. म्हणजे सीड्यांनीही थांबत नव्हती, हे मी लक्षपूर्वक पाहून लिहितो आहे.

आता तुमचा प्रश्न. मी ऐकताना कॉटवर उताणा पडतो. चेहऱ्याचे मला माहीत नाही, माझ्या खोलीतला आरसा दाढीपुरता आहे. पण तुम्ही खरे लिहा म्हणालात, म्हणून मी माझ्या पद्धतीने लिहिले आहे. आमच्याकडे प्रत्येक गाठोड्याला तपासणीची चिठ्ठी लागते. कुठे धागा तुटला, कुठे गाठ आली, कुठे तेल लागले. जिथे दोष असेल तिथे काठाला लाल दोरा बांधायचा. चिठ्ठी नसलेला माल म्हणजे कुणी न पाहिलेला माल. मी तुमच्या नऊही गाण्यांची चिठ्ठी केली आहे. सहा रात्री लागल्या. पूर्ण यादी सोबत जोडली आहे, थोडे नमुन्यादाखल इथे देतो.

गाणे १, ०:०७. पहिली तार पूर्ण वाजत नाही.
गाणे १, ३:१२. लांबून मालगाडी.
गाणे २, १:४०. उजवी गिटार डावीच्या मागे पडते. २:०५ ला गाठते.
गाणे ४, ०:५८. आवाज फाटतो. (इतर ठिकाणी मुद्दाम फाडला आहे. इथे नाही.)
गाणे ५, २:२२. एक शब्द गिळला आहे.
गाणे ६, पूर्ण. ट्रंकेची कडी वाजते.
गाणे ९, शेवट. घाईने बंद केले.

एकूण दोष ३१. प्रत: सेकंड.

तपासणारा: दि. रा. माळगे


जेऊर
२४ सप्टेंबर

श्री. माळगे,

यादी मिळाली. एकतीसपैकी एकोणतीस मला माहीत होते, सतरा वर्षं पाठ आहेत. दोन नव्यानं कळले.

मी खरं लिहा म्हणालो होतो, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. तुम्ही तपासणीस आहात, तुमचं काम नीट करता. प्रतही बरोबर ठरवलीत. मीही कधीतरी तीच ठरवली होती. फक्त दुसऱ्याच्या अक्षरात वाचायची वेळ आली नव्हती.

खोकं रद्दीत द्यावं. पुढे पत्र पाठवायची तसदी घेऊ नये.

हृ. ना. कासेगावकर


नीलमनगर, सोलापूर
२७ सप्टेंबर

सर,

तुमचे पत्र आज आले. माझी चूक झाली. मी काल आणि परवा, नाही, आज संध्याकाळपासून पुन्हा सगळा अल्बम तपासला. माझा प्लेयर जुना आहे आणि लेन्सवर धूळ होती. धूळ पुसून ऐकले. पहिल्या गाण्यातली तार पूर्ण वाजते. कडीचा आवाज बहुधा माझ्या कॉटचा असावा. बाकीचेही मला तसे भासले असणार.

एकूण दोष ०. प्रत: फर्स्ट.

आधीची यादी कृपया फाडून टाकावी. रागावू नये.

दि. रा. माळगे


नीलमनगर, सोलापूर
१३ ऑक्टोबर

सर,

सोळा दिवस झाले. पोस्टात चौकशी केली. पत्र गहाळ झाले असल्यास म्हणून पुन्हा लिहितो आहे. एकूण दोष ०, प्रत फर्स्ट, असे मी कळवले होते.

इथे गुरम्माबाईंनी विचारले, तुझ्या जेऊरवाल्याचे पत्र आले का. मी सांगितले, आले. सुट्टीत मी जुनेच पत्र उघडून बसतो, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला खरे वाटते.

दि. रा. माळगे


मंगळवेढा
३ नोव्हेंबर २०२४

सर,

तुम्ही लिहू नका म्हणाला होता आणि हे माझे तिसरे पत्र आहे. यानंतर लिहिणार नाही. पण मागची दोन खोटी होती, ती तशीच ठेवून थांबता येत नाही.

दोष एकतीसच आहेत. प्लेयरच्या लेन्सवर धूळ नव्हती. मी काही पुन्हा तपासले नव्हते. तुमचे पत्र वाचून झाल्यावर पाऊण तासात ते लिहिले आणि शेवटच्या टपालाला पेटीत टाकले. पाच वर्षांत मी एकाही मालाची खोटी चिठ्ठी दिलेली नाही. शेठने सांगूनही दिलेली नाही. ती पहिली तुम्हाला दिली.

दिवाळीला मी एसटीने इथे आईकडे आलो आहे. आज भाऊबीज. बहीण, उत्कर्षा, तिच्या सासरहून आली आणि दुपारी गेलीही. ती गेल्यावर आईने धुतलेली पांघरुणे दोरीवरून काढून माझ्यापुढे घडी घालायला टाकली. मी घडी घालता घालता सवयीने काठ बघत होतो. प्रत्येक चादरीला, प्रत्येक टॉवेलला लाल दोरा होता. मी नोकरीला लागल्यापासून आणलेले सगळे. तेव्हा माझ्या लक्षात आले की तुम्हाला मी काय लिहिले आणि तुम्ही काय वाचले.

सर, ‘सेकंड’ हा शब्द मी न समजावता लिहिला, कारण आमच्याकडे तो कुणाला समजवावा लागत नाही. फर्स्ट माल आम्ही तपासतो, बांधतो आणि तो जातो. कुठे जातो, कोण वापरतो, आम्हाला कधी कळत नाही. मी फर्स्ट टॉवेलने आजपर्यंत तोंड पुसलेले नाही. सेकंड माल कामगारांना मिळतो. आमच्या सगळ्यांच्या घरात जे काही अंगावर घ्यायचे आहे ते सेकंड आहे. सिद्धप्पांच्या लेकीच्या लग्नात रुखवतात ठेवलेली चादर सेकंड होती. त्यांनी गाठोड्यातून स्वतः निवडून घेतली होती आणि दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

मी आईला विचारले, एवढे दोरे का ठेवलेस, मी चिठ्ठीसाठी बांधतो, घरी आणल्यावर तोडायचे असतात. ती म्हणाली, “तोडू कशाला? दोरीवर शेजारणीच्या बी चादरी असत्यात की. दोरा बघितला का कळतंय, ही आपली हाय.”

‘लूप लाईन’ फर्स्ट असती तर ती माझ्याकडे आली नसती. पुण्याला कुणीतरी घेतली असती आणि मला तुमचे नावही कळले नसते. मी सेकंड लिहिले याचा अर्थ ती मी ठेवून घेतली, एवढाच होता. हे मी तेव्हाच लिहायला हवे होते. मला वाटले, कळेल.

खोके रद्दीत दिलेले नाही. खोलीवर कॉटखाली आहे. हेही तुमचे मी ऐकले नाही.

दि. रा. माळगे


जेऊर
१ डिसेंबर

दिग्विजय,

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला उशीर झाला कारण मी चार वेळा लिहून फाडलं. प्रत्येक वेळी मी माफी मागायला सुरुवात करायचो आणि दुसऱ्या परिच्छेदात स्वतःचीच कीव करत बसायचो. ते तुम्हाला पाठवण्यासारखं नव्हतं.

तुमच्या आईंचं वाक्य मी शाळेत टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. मुख्याध्यापकांनी विचारलं, हा कुठल्या परिपत्रकाचा उतारा. मी म्हणालो, सोलापूर विभागाचा.

शून्य दोषांचं पत्र आलं होतं. दुसरंही. पहिली यादी वाचून मला राग आला होता, पण ही वाचून भीती वाटली. म्हटलं, याला मी खोटं बोलायला लावलं. यादी मी फाडलेली नाही. सतरा वर्षांत या अल्बमबद्दल मला जे काही कळवण्यात आलं त्यात तेवढीच एक गोष्ट दोन पानांची आहे. गाणं दोनमध्ये उजवी गिटार मागे पडते आणि पंचवीस सेकंदांनी गाठते, हे ऐकायला माणसाला ते पंचवीस सेकंद तिच्याबरोबर चालावं लागतं. हे मला ऑगस्टमध्ये तुम्ही विचारलं असतंत तर कळलं नसतं.

आता माझं काम. मला हा अल्बम कुणीतरी समोर बसून ऐकताना बघायचा आहे. एकदाच. सीडी पोस्टानं पाठवू नका, फुटेल. घेऊन या. २२ डिसेंबरला रविवार आहे. तुमच्या कारखान्यालाही सुट्टी असेल. प्लेयर आणावा लागेल, माझ्याकडे नाही. जमणार नसेल तर तसं कळवा. मी वाईट वाटून घेणार नाही, असं लिहिणार होतो. घेईन.

हृषीकेश कासेगावकर


नीलमनगर, सोलापूर
८ डिसेंबर

सर,

मी येतो.

काही गोष्टी आधी विचारून घेतो. मला माणसांसमोर बसायची फार सवय नाही. मी काही बोललो नाही तर तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. तुमच्याकडे टीव्ही आहे का, कारण प्लेयरला आवाजासाठी टीव्ही लागतो. मी एअरफोन लावला तर तुम्हाला ऐकू येणार नाही. टीव्ही नसल्यास शेजारून मिळेल का? ऐकताना उताणे पडावे लागते, पण मी तुमच्याकडे तसे करणार नाही, बसून ऐकेन. मी शाकाहारी नाही पण काहीही खातो. जेवण करू नका, मी डबा आणतो.

सिद्धप्पांना सांगितले, जेऊरला चाललो. ते म्हणाले, “पोरगी बघायला?” मी नाही म्हणालो. “मग नवा शर्ट कशाला इस्त्री करून आणलास?”

गाडी उशिरा आली तर स्टेशनवर येऊन थांबू नये. मी विचारत येईन.

दिग्विजय माळगे


जेऊर
२४ डिसेंबर

दिग्विजय,

परवा तुम्ही गेलात आणि मी टीव्हीची वायर काढायला गेलो, तर तुमची वायर माझ्याकडेच राहिली आहे असं दिसलं. या पत्राबरोबर पाठवणार होतो, मग म्हटलं, राहू दे.

शेवटचं गाणं संपलं, तुम्ही उठून पिशवी भरलीत आणि ‘येतो’ म्हणालात. मी ‘बरं’ म्हणालो. गाडीला अजून दीड तास होता हे मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत असणार. तो दीड तास तुम्ही स्टेशनवर बसून काढलात. मी तो इथं बसून काढला. पंधरा मिनिटांच्या अंतरावर. पुन्हा असं करू नये, दोघांनीही.

तेव्हा सांगता आलं नाही ते लिहितो. तुम्ही आईच्या खुर्चीत अगदी टोकाला बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. पहिल्या गाण्याला तुमचा चेहरा दाखल्याच्या फोटोसारखा होता. मला वाटलं, झालं. तिसऱ्या गाण्यापासून तुमचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता. तुम्हाला ते माहीत असेल असं वाटत नाही. तुम्ही सगळी गाणी म्हणत होता. आणि माझा जिथं श्वास कमी पडला होता, तिथं ओळ अर्धी सोडून तुम्हीही श्वास घेत होता. मी बरोबर म्हणतो तसं नाही, मी तेव्हा म्हटलं तसं.

चेहरा कसा होतो, ते मला कळलं. एवढंच बघायचं होतं. तुमचे आभार मानले तर तुम्ही त्याची चिठ्ठी कराल, म्हणून मानत नाही.

पण खरं सांगा, या वेळीही. कसं वाटलं?

हृषीकेश


नीलमनगर, सोलापूर
२९ डिसेंबर २०२४

सर,

खरे सांगतो.

स्टेशनवर मी दीड तास बसलो हे बरोबर आहे. दोनदा उठून तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. काय बोलायचे ते ठरले नाही म्हणून परत गेलो.

ओठांचे मला माहीत नव्हते. तुमचे पत्र वाचल्यापासून मी अल्बम लावलेला नाही. लावला की हात तोंडाकडे जातो. दोन दिवस झाले. खोलीत फार शांत आहे. इतकी शांतता इथे आधीपासून होती का, मला आठवत नाही.

आणि कसे वाटले म्हणाल, तर मला गाणी ऐकूच आली नाहीत. तुम्ही सबंध वेळ माझ्याकडे पाहत होता. मला वाटत होते, आता चेहरा कसा ठेवायचा, मान हलवायची की नाही, आवडलेल्या जागेला आधी काही केले तर खोटे दिसेल का. नवव्या गाण्यापर्यंत मी तेच करत होतो. तुम्हाला जे दिसले ते माझ्याकडून सवयीने झाले असेल, रोजचे आहे म्हणून. मी तिथे बसून ते ऐकले असे मी सही करून लिहू शकत नाही. तुम्हाला एवढ्या वर्षांनी एकदाच बघायचे होते आणि तेवढ्यात मी ऐकत नव्हतो. हे न सांगता राहिलो असतो तर तुम्हाला कळले नसते. म्हणून सांगितले.

पाच जानेवारीला रविवार आहे. चालत असेल तर मी पुन्हा येतो, सकाळच्या गाडीने, आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबतो. फक्त या वेळी तुम्ही माझ्याकडे पाहू नका. खिडकीकडे तोंड करून बसा. पाठ केलीत तरी मला राग येणार नाही. मग मला ऐकता येईल.

दिग्विजय